मरीआईचा गाडा कोणाच्या शिवेवर?

दख्खनच्या खेड्यापाड्यांतून पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा काढण्याची चाल पूर्वी होती. गावकरी वाजतगाजत तो गाडा शिवेबाहेर नेऊन ठेवीत आणि आपल्या गावावरची पीडा टळली असे मानीत. पलीकडच्या गावाला तो आपल्या हद्दीत राहू देणे परवडत नसे. ते लोक तो आणखी पुढे ओढून नेत. रोगजंतू म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्या साध्याभोळ्या माणसांना या चालीबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. परंतु जनुकांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा, निष्णात कायदेपंडित आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा हे सर्व ज्यांच्या हाताशी होते, त्या संयुक्त राष्ट्रसंघाने हैतीच्या पटकीबाबत याहून वेगळे काही केले नाही. त्याने जबाबदारीचा गाडा अनेक वर्षे शिवेवरून शिवेवर ढकलला, आणि शेवटी तो गाडा आपलाच होता हे अर्धवट कबूल करून हात झटकले.

घटनाक्रम थोडक्यात असा. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत प्रलयंकारी भूकंप झाला. राष्ट्रसंघाची शांतिसेना त्या देशात २००४ पासूनच होती. ऑक्टोबर २०१० मध्ये तिच्यात नेपाळहून नवी तुकडी दाखल झाली. नेपाळात त्याच सुमारास पटकीची साथ चालू होती. मिरबाले गावानजीकच्या छावणीतील मैला मेये नावाच्या ओढ्यात उतरला, तो ओढा आर्तिबोनीत नदीला मिळाला, आणि ज्या नदीचे पाणी लाखो लोक पितात, ज्यात न्हातात आणि ज्यावर भातशेती करतात, ती नदीच विषाची वाहिनी झाली. निदान शंभर वर्षांत ज्या देशाला पटकीचे नाव ठाऊक नव्हते, तेथे आठ लाखांहून अधिक माणसे आजारी पडली आणि सुमारे दहा हजार दगावली. २०१९ नंतर साथ संपली असे वाटत असतानाच ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा उद्भवली. म्हणजे हा केवळ जुन्या दुःखाचा हिशेब नव्हे.

कारण शोधायला फार काळ लागला नव्हता. रेनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहणी करून त्याच वर्षअखेर छावणीकडे बोट दाखविले. पुढल्या वर्षी हैतीतील आणि नेपाळातील जंतूंचे जनुकीय साम्य सिद्ध झाले. राष्ट्रसंघाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मे २०११ मध्ये जंतू दक्षिण आशियातील जातीचा आहे व तो मानवी विष्ठेतून नदीत आला हे मान्य केले. मात्र हा अनेक परिस्थितींचा योगायोग असून कोणा एकाचा दोष नाही, असा निर्वाळाही दिला. त्याच तज्ज्ञांनी २०१३ मध्ये स्वतंत्रपणे लिहिताना शांतिसेनेतील माणसेच बहुधा या साथीचा उगम असावीत असे म्हटले. समितीत बसल्यावर जे लिहवले नाही, ते समितीबाहेर पडल्यावर लिहवले, यातच सारे आले.

नोव्हेंबर २०११ मध्ये सुमारे पाच हजार पीडितांच्या वतीने राष्ट्रसंघाकडे दावे दाखल झाले. सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २०१३ मध्ये, उत्तर आले ते एवढेच की, हे दावे स्वीकारण्याजोगे नाहीत. दावे खोटे आहेत असे नव्हे, पुरावा अपुरा आहे असेही नव्हे. ते ऐकावयाचेच नाहीत. आता राष्ट्रसंघाच्या विशेषाधिकारांचा १९४६ चा करार काय सांगतो ते पाहावे. त्या कराराने संघटनेला न्यायालयांपासून संरक्षण दिले. पण त्याच कराराच्या २९ व्या कलमाने खासगी स्वरूपाचे तंटे मिटविण्याची योग्य व्यवस्था करण्याचे बंधनही तिच्यावर घातले. हैती सरकारशी २००४ मध्ये झालेल्या करारात नुकसानभरपाईचे दावे ऐकण्यासाठी स्थायी आयोगाची तरतूद होती. तो आयोग कधीच स्थापन झाला नाही. हैतीतच नव्हे, राष्ट्रसंघाच्या कोणत्याही मोहिमेत तो स्थापन झालेला नाही. ढाल तेवढी उचलायची आणि तिच्यासोबत आलेले कर्तव्य जमिनीवर टाकून द्यायचे, असा हा व्यवहार आहे. पीडितांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा २०१५ मध्ये खालच्या आणि ऑगस्ट २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने संरक्षणाचा मुद्दा उचलून धरला. कायद्याच्या अक्षरात तो निकाल बसत असेलही. पण आमच्या मते, जिथे फिर्याद करायला जागाच नाही तिथे निरपराधित्वाला किंमत उरत नाही.

१ डिसेंबर २०१६ रोजी सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. परंतु त्या क्षमायाचनेचे शब्द काळजीपूर्वक निवडलेले होते. साथ आणि तिचा फैलाव याबाबत आपण पुरेसे केले नाही, याबद्दल ती क्षमा होती. साथ आपण आणली याबद्दल नव्हती. तिच्याबरोबर चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, ती सदस्य राष्ट्रांच्या ऐच्छिक देणग्यांवर सोडली गेली, आणि त्या देणग्यांतून त्या रकमेचा लहानसा अंशच जमला. कर्जफेडीसाठी झोळी फिरवायची आणि झोळी रिकामी राहिली की सावकारालाच नशिबाच्या गोष्टी सांगायच्या, असा हा प्रकार झाला.

राष्ट्रसंघाच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात ते अगदीच टाकाऊ नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, न्यायालयांपासून संरक्षण नसेल तर कोणतेही राष्ट्र आपले सैनिक परमुलखात पाठविणार नाही. हे खरे आहे. पण न्यायालयापासून संरक्षण म्हणजे देणे बुडविण्याची मुभा नव्हे. काँगोतील मोहिमेत बेल्जियमच्या नागरिकांचे जे नुकसान झाले, त्यापोटी याच संघटनेने १९६५ मध्ये पंधरा लाख डॉलर देऊन तंटा मिटविला होता. बेल्जियम युरोपातले वजनदार राष्ट्र होते आणि हैती पश्चिम गोलार्धातील सर्वात दरिद्री देश आहे, एवढाच काय तो फरक असेल तर तो उघडपणे सांगावा. दुसरा युक्तिवाद असा की, हैतीत शुद्ध पाणी आणि मलनिःसारण यांची व्यवस्था नव्हती म्हणून साथ पसरली. तेही खरे. पण गंजीतले गवत वाळलेले होते म्हणून ठिणगी टाकणारा निर्दोष ठरत नाही. उलट वाळलेल्या गवताजवळ त्याने दुप्पट जपून वागायला हवे होते. तिसरी गोष्ट आम्हीच सांगतो. दोष त्या गरीब नेपाळी शिपायांच्या माथी मारणे हा दुसरा अन्याय होईल. पटकीचे जंतू पोटात असूनही माणूस धडधाकट दिसू शकतो. प्रश्न त्यांची तपासणी न करणाऱ्या, छावणीचे शौचकूप नदीकाठी बांधू देणाऱ्या आणि मैला वाहून नेण्याचे काम कंत्राटावर सोपवून निश्चिंत झालेल्या व्यवस्थेचा आहे.

हैती कुठे आणि आपला कोकणकिनारा कुठे, असे वाचक म्हणतील. पण हा प्रश्न आपल्याला दिसतो तितका परका नाही. राष्ट्रसंघाच्या झेंड्याखाली आजवर दोन लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी सेवा बजावली आहे आणि त्यांतील अनेकांनी प्राण वेचले आहेत. ज्यांची माणसे त्या निळ्या टोपीखाली उभी राहतात, त्यांना त्या टोपीची अब्रू राखण्याचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. स्रेब्रेनित्सातील प्रकरणी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आपल्याच सरकारला जबाबदार धरले, हेही सैनिक पाठविणाऱ्या प्रत्येक देशाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शिवाय लष्कराच्या पाठीवर बसून रोग येतो, हा अनुभव आपल्या मुलखाला नवा नाही. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली पटकी त्याच वर्षी हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातील फौजेत शिरली. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करून देशात शांतता नांदविण्यासाठी निघालेले असे त्या फौजेचे वर्णन केले जाई. पुढल्या वर्षी साथ दख्खनमधून मुंबई किनाऱ्याला पोचली. या सैन्याला कोणी जाब विचारला नाही. मात्र पुढे १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या आरोग्य परिषदेत बोट रोखले गेले ते हिंदू यात्रेकरूंकडे. आमच्या यात्रा रोगाची आगरे ठरल्या, यात्रांवर निर्बंध आले, आणि कॉलऱ्याची लस टोचून घेतल्याशिवाय पंढरीची वाट मोकळी न होण्याचे दिवस वारकऱ्यांनी पाहिले. ती लस हिताचीच होती, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दुटप्पीपणाबद्दल. साध्या माणसाला त्याच्यामुळे होणाऱ्या रोगप्रसाराचा हिशेब तात्काळ द्यावा लागतो. कोविडने देशातील पहिला बळी १० मार्च २०२० रोजी कलबुर्गीत घेतला, तेव्हा परदेशातून परतलेल्या त्या वृद्धाच्या सहवासात कोण कोण आले याची घरोघर चौकशी झाली. ती व्हायलाच हवी होती. मग आठ लाख माणसांना आजारी पाडणाऱ्या छावणीची चौकशी करायला एवढा संकोच का?

बिदर आणि कलबुर्गी यांचा उल्लेख आला आहे तर आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शांततेच्या नावाने आलेल्या शस्त्राला जाब विचारण्याचा प्रश्न या दोन सीमावर्ती जिल्ह्यांनी स्वतः भोगला आहे. १९४८ मध्ये हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. रझाकारांनी तेथे घातलेला हैदोस, बिदर जिल्ह्यातील गोरट्याचे मे महिन्यातले हत्याकांड, हे सारे इतिहासात नमूद आहे. निजामाने ऑगस्टमध्ये तक्रार नेली ती याच सुरक्षा परिषदेपुढे, जिच्यापुढे १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगालने गोव्याबाबत गळा काढला होता. १३ ते १७ सप्टेंबरच्या कारवाईने ती जुलमी राजवट संपली, आणि ती संपविणे आवश्यकच होते. परंतु त्या कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमान रयतेची जी कत्तल झाली, तिची पाहणी करण्यासाठी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे तिने नोंदविले. पुष्कळ ठिकाणी सैन्याने लोकांना वाचविले आणि काही ठिकाणी सैनिक व पोलीस लुटीत व हत्येत सामील झाले, असे दोन्हीही तिने लिहिले. तो अहवाल दशकानुदशके कुलुपात राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांच्या हाती आला. कारण न्याय्य होते म्हणून त्या कारणाच्या आड घडलेले अपराध झाकावेत, हे आम्हाला तेव्हाच्या सरकारबाबत मान्य नाही आणि आजच्या राष्ट्रसंघाबाबतही नाही. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने स्वतःची वही उघडी ठेवली पाहिजे.

ही वही दुसऱ्याही एका बाबतीत उघडली पाहिजे. आर्तिबोनीतच्या काठी जे घडले त्याचे सूत्र साधे आहे: वरच्या अंगाचा माणूस पाण्यात जे सोडतो, ते खालच्या अंगाच्या माणसाच्या पोटात जाते. कोकण-गोव्यातील हजारो कुटुंबे दत्तप्रभूंच्या दर्शनाला गाणगापूरला जातात आणि भीमा-अमरजेच्या संगमावर भक्तिभावाने स्नान करतात. ती भीमा पंढरपूरचा सारा भार पोटात घेऊन, महाराष्ट्राची शीव ओलांडून कलबुर्गी जिल्ह्यात उतरलेली असते. पंढरीत यात्रेकरूंसाठी पुरेशी शौचालये असावीत, एवढ्या साध्या गोष्टीसाठी मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले होते. बिदरची तहान भागविणारी मांजराही बीड-लातूरकडूनच येते. म्हादईच्या प्रश्नात खालच्या अंगाला असलेल्या गोव्याने वरच्या राज्याला जाब विचारावा आणि भीमा-मांजरेच्या बाबतीत मात्र आपण मराठी माणसांनी गप्प बसावे, हे सुसंगत नव्हे. सीमाभागाचा वाद दोन्ही राज्यांनी हवा तेवढा लढवावा. पण औराद, भालकी किंवा अफझलपूरच्या माणसाच्या घागरीतले पाणी मराठी की कन्नड, हे पटकीचा जंतू विचारीत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शांतिसेना कोणत्याही देशात उतरण्यापूर्वी तेथे दावे ऐकणारा स्थायी आयोग प्रत्यक्ष अस्तित्वात असला पाहिजे, आणि सैनिक पाठविणारे अग्रगण्य राष्ट्र या नात्याने भारताने हा आग्रह आमसभेत धरला पाहिजे. सैनिकांची आरोग्यतपासणी आणि छावणीच्या मैल्याची विल्हेवाट यांची जबाबदारी कंत्राटदारावर न सोपविता मोहिमेच्या प्रमुखावर व्यक्तिशः टाकावी. हैतीच्या मृतांच्या वारसांना द्यावयाची रक्कम ऐच्छिक दानातून नव्हे, तर राष्ट्रसंघाच्या नियमित वर्गणीतून काढावी. आणि घरच्या अंगणात, महाराष्ट्र व कर्नाटक सरकारांनी भीमा आणि मांजरा यांच्या पाण्याची सीमेवर संयुक्त तपासणी करून तिचे आकडे दोन्ही भाषांतून, विशेषतः प्रत्येक वारीच्या आधी व नंतर, प्रसिद्ध करावेत.

राष्ट्रसंघ मोडावा असे आम्हाला वाटत नाही. लहान आणि दुबळ्या राष्ट्रांना दाद मागायला दुसरी जागा नाही, हे आम्ही जाणतो. पण नेमक्या त्याच कारणासाठी, त्या जागेविरुद्धच दाद मागायची वेळ आली तर ती ऐकली जाईल अशी सोय तिथे असली पाहिजे. हैतीतील दहा हजार मृतांची ती सोय झाली नाही. पुढच्या मोहिमेचा ठराव सुरक्षा परिषदेत मतास येईल, तेव्हा त्या ठरावाखाली सैनिक देणाऱ्या भारताने ही अट घातल्याखेरीज आपली तुकडी जहाजावर चढवू नये.