कायद्याला नोंदवही हवी

घर ज्याचे त्याचे. ते त्याने कोणाला किती दिवसांसाठी द्यावे यात सरकारने का पडावे, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु न्यूयॉर्क शहर आणि ‘एअरबीएनबी’ कंपनी यांच्यातील कोर्टकज्जांकडे पाहिले म्हणजे वादाचे मूळ निराळेच असल्याचे ध्यानात येते.

२००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेली ही कंपनी यजमान व पाहुणा यांची इंटरनेटवर गाठ घालून देते आणि त्यावर दलाली घेते. न्यूयॉर्क राज्याने २०१० सालीच कायदा करून, अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीतील अख्खे घर ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी भाड्याने देण्यास बंदी घातली होती. तरीही हजारो घरे राजरोस भाड्याने जात राहिली. कोणते घर, कोणाचे, किती रात्रींसाठी दिले गेले याची माहिती कंपनीपाशी होती, शहराच्या प्रशासनापाशी नव्हती. कायदा पुस्तकात होता, नोंदवही मात्र खासगी तिजोरीत होती.

शहराने ती मागणारा कायदा २०१८ साली केला. पण जानेवारी २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने त्यास मनाई केली. घटनेने दिलेल्या अवास्तव झडतीपासूनच्या संरक्षणाचा आधार कंपनीस मिळाला. हा आक्षेप पोकळ नव्हता. नागरिकांचे व्यवहार सरसकट सरकारपुढे उघडे पडावेत, असे कोणीही म्हणणार नाही.

२०२२ च्या कायद्याने मग वेगळी वाट धरली. यजमानाने आधी शहराकडे नोंदणी करावी, पाहुणे असताना स्वतः घरात राहावे, पाहुणे दोनांहून अधिक नसावेत. आणि नोंदणी नसलेल्या घराचा व्यवहार कंपनीने करू नये. कंपनीने जून २०२३ मध्ये दावा लावला, तो ऑगस्टमध्ये फेटाळला गेला आणि ५ सप्टेंबरपासून अंमलबजावणी सुरू झाली. जे २०१० च्या बंदीला साधले नाही, ते नोंदणीच्या अटीने साधले.

याने घरटंचाई मिटली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. न्यूयॉर्कमधील भाडी आजही सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर आहेत. आणि कर्जाचा हप्ता भागविण्यासाठी अधूनमधून आपले घर पाहुण्यांना देणारा लहान मालकही या कायद्याच्या कचाट्यात सापडला. व्यापारी आणि गरजू यांना एकाच मापाने मोजणे हा या कायद्याचा दोष आहे. कायद्याने नवी घरे उभी राहत नाहीत, हेही खरे.

तथापि या कज्ज्यांतील धडा गोव्यासारख्या पर्यटनावर जगणाऱ्या प्रदेशांनीही घ्यावा असा आहे. व्यवहार कोठे चालतो याची नोंद ज्याच्या हाती, नियमन त्याच्याच हाती. ती नोंद लोकनियुक्त शासनाकडे नसेल, तर कायदा कितीही कडक असो, तो शोभेपुरताच उरतो.