बहुमताचा पराभव

चौपन्न मते एका बाजूस, शेहेचाळीस दुसऱ्या बाजूस. आणि विजय मात्र शेहेचाळिसांचा! अमेरिकेच्या सिनेटमध्ये १७ एप्रिल २०१३ रोजी हा चमत्कार घडला. त्याच्या चारच महिने आधी कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत २० कोवळी बालके आणि ६ कर्मचारी गोळ्यांना बळी पडले होते. प्रदर्शनांतून वा इंटरनेटवरून बंदूक विकत घेणाऱ्याचीही पूर्वचौकशी व्हावी, एवढीच माफक सूचना सभागृहापुढे होती. दहांपैकी सुमारे नऊ नागरिक अशा चौकशीस अनुकूल असल्याचे लोकमताच्या चाचण्या सांगत होत्या. तरीही आवश्यक ती ६० मते न मिळाल्याने सूचना बारगळली.

याचे खापर बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या पैशावर फोडणे सोपे आहे. पण ते अर्धसत्य होय. मूळ दुखणे राज्यरचनेत आहे. सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला सिनेटमध्ये दोन जागा, आणि सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच! जेथे पोलीसचौकी कोसो दूर आणि बंदूक हाताशी, अशा ग्रामीण राज्यांचा शब्द तेथे साहजिकच जड ठरतो. त्यांची भीती सर्वस्वी खोटी आहे, असेही म्हणता येणार नाही. शिवाय १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आडवी येते. तीत व्यक्तीचा शस्त्रहक्क अभिप्रेत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आणि २०२२ साली तो हक्क घराबाहेरही मान्य केला. ती दुरुस्ती बदलावयाची, तर ५० पैकी ३८ राज्यांची संमती हवी!

परंतु खरा फरक मतदाराच्या निष्ठेत आहे. बंदुकीचा कैवारी त्या एकाच प्रश्नावर मत देतो. कायद्याचा पुरस्कर्ता हळहळतो आणि मत मात्र दुसऱ्याच प्रश्नावर देतो. मुरब्बी राजकारणी भितो तो पहिल्याला.

म्हणून हताश व्हावे काय? मुळीच नव्हे. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डे येथे १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर महिन्याभरात, एकवीस वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून चौकशी करणारा कायदा संमत झाला आणि १५ रिपब्लिकन सिनेटर्सनी त्यास साथ दिली. कायदा तोकडा खरा, पण दार उघडते हे त्याने सिद्ध केले. सुतक दहा दिवसांत फिटते. निवडणूक दोन वर्षांनी येते. तोवर ज्यांचा शोक टिकेल, त्यांचेच मत मोजले जाईल.