शेताचा चढ मोजा दोन काठ्यांनी

दहावीच्या गणितात निर्देशक भूमितीचे प्रकरण आहे. दोन बिंदू देऊन त्यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा, असे त्यात विचारतात. मुले सूत्र पाठ करतात, गुण मिळवतात आणि मोकळी होतात. घरातले म्हणतात, "नांगर धरायला हे कशाला लागते?"

शेतकरी बंधुभगिनींनो, नांगर कोणत्या दिशेने धरावा, हे ठरवायलाच ते लागते! मोठ्या पावसात शेतातून ओढ्याकडे जे गढूळ पाणी धावते, त्यात वरच्या थराची कसदार माती असते आणि आपण घातलेले शेणखतही असते. ती माती अडवायला बांध कुठे हवा, हे चढ मोजल्यावर कळते. नजरेचा अंदाज येथे फसवतो. शेजारी डोंगर असला की उताराचे रानही सपाट भासते.

सामान थोडेच लागते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी १५ मीटर, एक टेप, आणि सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या. नळीत पाणी भरा. बुडबुडा राहू देऊ नका, नाही तर सगळा हिशेब चुकेल. नळीची दोन टोके दोन काठ्यांना बांधा आणि काठ्या आधी शेजारी शेजारी सपाट फरशीवर उभ्या करा. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आले पाहिजे. मग टोके अंगठ्याने दाबून शेतात जा, एक काठी वर आणि दुसरी १० मीटर खाली उभी करा, अंगठे काढा, पाणी स्थिर होऊ द्या. टेप जमिनीवर न टाकता आडवी ताणून धरा, कारण आपल्याला आडवे अंतर हवे आहे. घरची मुलगी शाळेत जात असेल तर वही तिच्या हाती द्या.

समजा, वरच्या काठीवर पाणी ७२ वर आहे आणि खालच्या काठीवर १०२ वर. फरक ३० सेंटीमीटर. आडवे अंतर १० मीटर, म्हणजे १,००० सेंटीमीटर. ३० भागिले १,०००, म्हणजेच शंभराला ३. चढ ३ टक्के झाला. पुस्तकातला वाय म्हणजे ही उंची आणि एक्स म्हणजे हे अंतर; दुसरे काही नाही. खालून वर मोजले तर उत्तर अधिक येते, अंतर त्याच दिशेने धरून वरून खाली उतरलात तर उंची घटते म्हणून उणे येते. आकडा तोच राहतो.

आता बांधाचे पाहू. दर ९० सेंटीमीटर उताराला एक बांध घालायचा ठरला, तर ३ टक्के चढाच्या रानात दोन बांधांत ३० मीटर अंतर पडेल, २ टक्क्यांच्या रानात ४५ मीटर. आणि बांधाची रेघ कशी आखायची? ज्या दोन जागी दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्याच खुणेवर येते, तेथे खुंट्या ठोका. त्यांच्यामधला चढ शून्य. अशा खुंट्या जोडत जा, तीच समपातळी रेषा. ती वाकडी गेली तरी सरळ करू नका. पेरणीही तिच्याच अंगाने, उताराला आडवी करावी. वाटणीच्या हद्दीवरचे बांध सरळ असतात खरे, पण पाण्याला हिश्शाची हद्द कळत नाही. ते बांधाच्या सखल जागी जमते आणि तेथेच बांध फोडते.

दोन बिंदूंवरून निघतो तो त्यांच्यामधल्या सरळ रेषेचा चढ. मध्ये उंचवटा किंवा खोलगट भाग असेल तर तो त्यात दिसणार नाही. म्हणून तीन-चार ठिकाणी मोजा. सुगी आटोपून रान मोकळे झाले की हे काम करावे.

खोल काळ्या जमिनीत मात्र समपातळी बांध घालू नये. तेथे पाणी तुंबते, भेगा पडून बांध फुटतात. अशा रानात बांधाला किंचित ढाळ देऊन पाणी गवताळ चरीकडे काढून देतात. तो ढाळ किती ठेवावा आणि दोन बांधांत उतार किती धरावा, हे जमीन व पाऊस पाहून ठरते. मोजलेले आकडे वहीत घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा.