नव्या घरात पेटीची जागा

पुष्कळ दिवसांनी दोन आप्त भेटले की पहिली विचारपूस प्रकृतीची होते. दुसरी मात्र वडाळा, नायगाव, परळ या पट्ट्यात हमखास घराची असते. "तुमची इमारत पुनर्विकासाला गेली का?" हा प्रश्न आता मुलामुलींच्या विवाहाइतकाच नेहमीचा झाला आहे. उत्तरात क्षेत्रफळ सांगितले जाते, मजला सांगितला जातो, उद्वाहने किती तेही सांगितले जाते. त्या घरात राहणारी वडील माणसे दिवसभर काय करणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

या भागातील घरांना शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा हा परिसर आखून वसविला. पाच उद्यानांभोवतीचे रुंद, सावलीचे रस्ते ही त्याच आखणीची देणगी होय. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे चाळी उभारल्या. एका कुटुंबास एक खोली, १६० चौरस फुटांची. वरळीच्या त्याच चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या नव्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्यांनी पाहिलेले स्वप्न साकार झाले, यात शंका नाही.

तथापि १६० चौरस फूट हे त्या घराचे खरे माप कधीच नव्हते. खोलीबाहेरची गॅलरी हीच तिची दुसरी खोली होती. डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस तेथे, कॅरम तेथे, पापड वाळवणे तेथे, आणि संध्याकाळी सतरंजी अंथरून भजनाची पेटी व टाळही तेथेच. छंदासाठी जागा मागावी लागत नसे आणि सोबतीसाठी कोणास बोलवावे लागत नसे. नव्या इमारतीत दारापुढची मोकळी जागा केवळ येण्याजाण्यासाठी असते. तेथे चपलांचे कपाट ठेवले तरी सोसायटीची सूचना येते. अशा रीतीने घर तिपटीहून मोठे झाले आणि छंदाची जागा मात्र नाहीशी झाली, असा हा विचित्र ताळेबंद आहे.

पुढचे काम सुतार करतो. किल्ली हाती येताच सोफा, दूरदर्शन संच, कपाटे आणि नातवंडांची अभ्यासाची मेजे यांच्या जागा ठरतात. पेटी, टपाल तिकिटांच्या वह्या, शिवणयंत्र यांची रवानगी "तूर्त" माळ्यावर होते. माळ्यावर गेलेली वस्तू पुढल्या दिवाळीला झाडली जाते, वापरली जात नाही. पेटीचे तर नुकसानच होते. पावसाळ्याची दमट हवा तिच्या भात्याला मानवत नाही आणि न वाजविलेली पेटी दोन-तीन वर्षांत हवा धरीनाशी होते. म्हणून सुतारास बोलाविण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने दुपारी चार ते सहा या वेळात आपण काय करतो ते कागदावर लिहावे. तीन फूट रुंद व पाच फूट लांब अशी खिडकीजवळची जागा पेटीला, चटईला आणि वाजविणाऱ्यास पुरते. हे झाले पंधरा चौरस फूट, म्हणजे ५०० चौरस फुटांचे अवघे तीन टक्के. एवढी तरतूद कोणत्याही नकाशात बसते. शेजाऱ्यांशी बोलून वाजविण्याची वेळ ठरवून घेतली की भिंतीपलीकडची तक्रारही उरत नाही.

स्वयंपाकघराबाबतही असेच घडते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या वडीलधाऱ्यांचे पान हिवाळ्यात साडेपाचलाच मांडावे लागते. सून हार्बरच्या गाडीने आठला घरी येते. पूर्वी शेजारची काकू सहज डोकावत असे. आता बंद दारामागे सासूबाई एकट्या जेवतात. ओट्याची उंची, कपाटांचा रंग यांवर महिनाभर चर्चा करणाऱ्या घराने संध्याकाळच्या त्या पानासोबत कोण बसणार हेही ठरवावे. शाळेतून आलेला नातू बसला तर दोघांचेही पोट भरते. आणखी एक बारीकशी गोष्ट : नव्या धर्तीच्या नळांना पाणी गाळण्याचे फडके बांधता येत नाही. एक नळ साधा, सरळ तोंडाचा बसवून घ्यावा.

सर्वांत कठीण काळ मात्र नव्या घराचा नसून मधल्या भाड्याच्या घराचा असतो. विकासक दरमहा भाडे देतो. त्यात दूरच्या उपनगरात मोठे घर मिळते, शिवाय काही रक्कम शिल्लक राहते, असा हिशेब तरुण मंडळी मांडतात. कागदावर तो बिनचूक असतो. पण तीन-चार वर्षे, आणि काम रेंगाळले तर त्याहूनही अधिक, हा कालावधी पंचाहत्तरीच्या माणसासाठी लहान नव्हे. ओळखीचा वैद्य, मंदिर, बागेतील चौकडी, भाजीवाली हे सारे एकाच दिवशी सुटते. नव्या घराची किल्ली पाहण्यापूर्वीच निघून गेलेली किती वडीलधारी माणसे प्रत्येकाच्या नात्यात आहेत! शिल्लक कमी पडली तरी चालेल, घर लहान मिळाले तरी चालेल, परंतु शक्यतो याच परिसरात राहावे. निदान वडील माणसांना न विचारता घर ठरवू नये.

पैशाविषयी थोडक्यात. नव्या इमारतीचा देखभाल खर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. पुनर्विकासात मिळालेला कायम निधी फर्निचरात घालविणे हा अविचार आहे. साठी ओलांडलेल्यांच्या नावे त्यातील तीन लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्यास, ८.२ टक्के दराने, दर तिमाहीस ६,१५० रुपये व्याज येते. देखभालीचा बराच भार त्यातून उचलला जातो. वारसाची नोंद त्याच दिवशी करावी.

घराबाहेर पाहता वडाळ्यात छंदांना तोटा नाही. मोनोरेल २० सप्टेंबर २०२५ पासून थांबविण्यात आली, हे खरे. परंतु १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग नायगावात, जवळच आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. तेथे जाण्यास महागडी दुर्बीण लागत नाही, पंचांग लागते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हे कोळी बांधवांचे जुने गणित. त्यानुसार चतुर्दशीस भरती सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी साडेचार-पाचला. त्याच्या तासभर आधी निघावे, नातवाला सोबत घ्यावे, आणि उजेड असेपर्यंत जेवणास घरी परतावे.