शालेय मराठी लेखन : दोष एकट्या मोबाइलचा नाही

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, बातमी, कथा, आत्मकथन विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे, ही त्यामागची अपेक्षा. प्रत्यक्षात ‘मस्त’, ‘भारी’ आणि ‘खूप छान’ यांवरच पानभर मजकूर रेटला जातो, अशी शिक्षकांची तक्रार असते. खापर बहुधा मोबाइलवर फुटते.

हे निदान अपुरे आहे. मोबाइल संदेशांमुळे मुलांचे लेखन बिघडते, हा समज ब्रिटिश भाषातज्ज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी 2008 मध्येच खोडून काढला होता. शब्दाचा संक्षेप करायचा तर त्याचे मूळ स्पेलिंग आधी ठाऊक असावे लागते, हा त्यांचा युक्तिवाद इंग्रजीपुरता पटतो. मराठीतील पेच निराळा आहे. येथे मुले शब्द केवळ आखूड करत नाहीत, लिपीच बदलतात. रोमन लिपीत के-ए-एल ही तीन अक्षरे टंकली की काल, काळ, कळ आणि कल हे चारही शब्द एकाच रूपात उमटू शकतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद पुसला जातो. न की ण, ल की ळ, हे ठरवण्याची वेळच येत नाही. वाचणारा संदर्भाने अर्थ लावतो, त्यामुळे संवाद अडत नाही. वहीत मात्र ही निवड शब्दागणिक करावी लागते आणि तिचा सराव उरलेला नसतो.

शब्दसंपत्तीचा प्रश्न याहून जुना. ‘वाट पाहणे’, ‘खोळंबणे’, ‘ताटकळणे’ या वेगवेगळ्या छटा एकट्या ‘वेट करणे’मध्ये विरल्या. तयार निबंध पाठ करून उतरवण्याची सवय तर मार्गदर्शिकांनी स्मार्टफोनच्या कितीतरी आधी लावली. त्यात वाचनाचा पायाच कच्चा आहे. ‘असर 2024’ अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. ही चाचणी वाचन आणि गणिताची. मुलांना लिहिता किती येते, हे तीत तपासले जात नाही.

बडोदे, हैदराबादसारख्या शहरांतील मराठी घरांत चित्र उलटे दिसते. शाळा अन्य माध्यमाची असल्याने नातेवाइकांना मोबाइलवर पाठवलेला संदेश हेच अनेकदा मुलाचे एकमेव मराठी लेखन असते. तेही थांबवून हाती काय लागणार?

महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. देवनागरी टंकलेखनाला मात्र मराठीच्या तासात क्वचितच जागा मिळते. वास्तविक आजच्या बहुतेक स्मार्टफोनवर देवनागरी कळफलक उपलब्ध असतो आणि तो वापरताना ‘काल’ की ‘काळ’, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते.