निबंध किती, हा प्रश्नच नव्हे

पायांच्या फुगलेल्या शिरांवरच्या लेझर उपचाराबद्दल दरवर्षी ढीगभर शोधनिबंध निघतात, म्हणून जुनी शस्त्रक्रिया आता मोडीत निघाली, असं ठासून सांगितलं जातं. हा पूर्वपक्ष अगदीच टाकाऊ नाही. जो उपचार वारंवार तपासला जातो, त्याचे दोष लवकर उघडे पडतात. पण ढिगाची उंची म्हणजे पुरावा नव्हे.

२००१ साली नवारो, मिन आणि बोने यांनी ३३ रुग्णांच्या ४० शिरांवरच्या लेझर उपचाराबद्दल निबंध लिहिला. मुख्य प्रश्न होता, शीर बंद झाली का? पुढे बराच काळ याच प्रश्नाची उजळणी झाली: लेझरची तरंगलांबी ८१० नॅनोमीटर हवी की १४७०, प्रकाशतंतूचं टोक कसं हवं. अशा शिरांमुळे ज्याच्या घोट्यावरची जखम महिनोन्‌महिने चिघळते आहे, त्याला तरंगलांबीशी काय देणंघेणं?

निबंधांचा रोख बदलला तो नंतर. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या ७९८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतरच्या जीवनमानात लेझर आणि शस्त्रक्रिया जवळपास बरोबरीच्या ठरल्या. म्हणजे मोडीत निघाल्याची भाषा खोटी. मात्र उपचारातल्या गुंतागुंती शस्त्रक्रियेत ७ टक्के, लेझरमध्ये १ टक्का. लेझरची बाजू घ्यायची ती या आकड्यावर, आणि मी ती घेतो. पायावर अशी जखम असलेल्या ४५० रुग्णांची २०१८ ची चाचणी तर मला सर्वांत मोलाची वाटते. दाबपट्टी सगळ्यांनाच होती. पण शिरेवर आतून लवकर उपचार केलेल्यांची जखम मध्यकानुसार ५६ दिवसांत भरली, उपचार लांबणीवर टाकलेल्यांची ८२ दिवसांत. हातावर पोट असणाऱ्याला हे सव्वीस दिवस म्हणजे घरातली चूल.

पण हे पाय ब्रिटनचे. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात भाजीच्या ढिगामागे, खाण्याच्या गाड्यामागे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्यांचे नव्हेत. एप्रिलच्या उन्हात दाबमोजे किती दिवस पायात राहतात, हे त्या चाचण्या सांगू शकत नाहीत.

मग इथल्या पायांवरही मोजा म्हटलं, की उत्तर येतं, ‘आपला रुग्ण परत तपासायला येतच नाही, मग मोजणार कसं?’ हे मला मान्य नाही. तो हरवलेला नाही. १९५७ साली सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय याच गावात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन संध्याकाळी दुर्गदबैलात यावं आणि विचारावं: जखम कधी भरली, गाडा पुन्हा कधी लावला, शीर परत फुगली का? पाच वर्षांनीही तो बहुधा त्याच जागी उभा असेल.