दहा नव्हे, ‘तेन’

गेल्या रविवारी भाचा आला होता. ‘ब्लास्फेमस’ हा गेम मी मुद्दाम स्पॅनिश आवाज लावून ठेवला होता, खाली इंग्रजी सबटायटल. पाच मिनिटांत त्याने सेटिंगमध्ये जाऊन आवाज इंग्रजी केला. “अगं मावशी, गेम इंग्रजीतच खेळतात.” थोड्या वेळाने बॉस आला, पडद्यावर त्याचं नाव उमटलं आणि चिरंजिवांनी वाचलं, “टेन पायडॅड. मग आधीचे नऊ कुठे गेले?” आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

ते ‘टेन’ नाही, ‘तेन’ आहे. तेन पिएदाद, म्हणजे ‘दया कर’. पिएदाद म्हणजे दया, आणि मेरीच्या मांडीवर मृत येशू अशी जी मूर्ती असते तिलाही स्पेनमध्ये पिएदादच म्हणतात. आता गेममध्ये हा अक्राळविक्राळ प्राणी पहिल्यांदा कुठे दिसतो? एका बाईच्या पुतळ्याच्या मांडीवर, निपचित पसरलेला. आपण चार पावलं पुढे जातो आणि तो उठतो. ज्याच्या कानात स्पॅनिश आहे त्याला नाव, मूर्ती आणि विनवणी एका झटक्यात कळते, आणि ज्याच्याकडे दया मागायची तोच अंगावर धावून येतो म्हटल्यावर पोटात गोळा येतो. इंग्रजी आवृत्तीत नाव तसंच ठेवलंय, पण तिथे ती नुसती अक्षरं उरतात. पोराने त्यांचा आकडा केला, यात पोराची चूक नाही.

चूक जुनी आहे, आणि ती करणाऱ्यांत खुद्द गेम बनवणारेही होते. ‘द गेम किचन’ हा स्पेनमधल्या सेव्हियाचा स्टुडिओ. २०१७मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे केले आणि १० सप्टेंबर २०१९ला गेम आणला. नायकाच्या डोक्यावरचं उंच टोकदार शिरस्त्राण सेव्हियाच्या पवित्र सप्ताहातल्या मिरवणुकीतून आलंय. तिथे प्रायश्चित्त घेणारे लोक तशाच टोप्या घालून, चेहरा झाकून चालतात. गेममध्ये चेकपॉइंट म्हणजे गुडघे टेकून प्रार्थना करायचं आसन. तलवारीचं नाव मेआ कुल्पा, ‘माझा अपराध’. गाव, देव, पाप, सगळं आपल्या अंगणातलं घेतलं, आणि पात्रं बोलली ती इंग्रजीत! स्पॅनिश आवाज आला ऑगस्ट २०२०मध्ये, एका मोफत अपडेटमधून. जवळजवळ वर्षभर सेव्हियाच्या या नायकाला त्याच्या स्वतःच्या मुलखात परकी भाषा ऐकावी लागली.

ऐकावी लागली म्हणते, कारण त्याने मौनव्रत घेतलंय. तो एक शब्द बोलत नाही. त्यामुळे बाकीच्यांच्या बोलण्यावरच सगळं उभं राहतं. तो अवाढव्य म्हातारा देओग्रासियास वाटेत भेटतो आणि ‘मिलाग्रो’, म्हणजे चमत्कार, हा शब्द उच्चारतो, तेव्हा त्या ‘ग्रो’मध्ये घशातून काही तरी ओढत आणल्यासारखं वाटतं. इंग्रजीत तोच चमत्कार नाटकातल्या संवादासारखा गुळगुळीत होतो. दोन्ही आवाजांत तोच प्रसंग मी लागोपाठ चार वेळा ऐकला. इंग्रजी नटाचं काम वाईट नाही, पण तो गोष्ट सांगतो; स्पॅनिश म्हातारा पापाची कबुली ऐकायला बसल्यासारखा बोलतो. भाषा बदलली की भीती बदलते, असं मी ठामपणे म्हणते. पुरावा मागाल तर माझे कान एवढाच आहे.

रेट्रो गेमवरच्या माझ्या मागच्या लेखानंतर पत्रं आली ती बहुतेक पिक्सेलवर. ठिपके किती, रंग किती, १९९७च्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ची सर येते की नाही. ठिपक्यांची थोरवी मला मान्यच आहे. पहिला बॉस मारल्यावर नायक शिरस्त्राण काढतो, त्यात मेलेल्याचं रक्त भरतो आणि तसंच डोक्यावर चढवतो. रक्त खांद्यांवरून ओघळतं. चार-दोन लाल ठिपके असतात ते, पण मी दर वेळी मान फिरवते. तरी ठिपके कुठल्याही देशात बसून काढता येतात. ‘तेन पिएदाद’ हे नाव मात्र स्पॅनिश कानाशिवाय सुचलं नसतं.

आणि इथे मला पुण्याकडे यावंच लागतं. माझे नेहमीचे वाचक वाटच बघत असतील. ‘राजी’ ही गेम पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने केली. ती रेट्रो नाही, त्रिमितीय आहे, पण दुखणं तेच. २०२०मध्ये ती आली तेव्हा तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत होते. हिंदी आवाज मिळायला २०२२ची सुधारित आवृत्ती यावी लागली. सेव्हियाला वर्ष लागलं, आपल्याला दोन. हिंदी लावून मी ती पुन्हा खेळले तेव्हा दुर्गा पहिल्यांदा ओळखीची वाटली, आणि मग हाव सुटली. गेम पुण्यात घडली आहे, तर एकदा मराठीही होऊ द्या. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला राजी हाक मारते, ती मला अशी ऐकायची आहे: “गोलू, अरे कुठंयस रे?”